काचेची फुलदाणी, तिच्यातली फुले आणि तुमच्या शंका

इंटरमिजिएटची परीक्षा जवळ आली की स्थिरचित्राबद्दलची पत्रे वाढतात. या वेळच्या पत्रांत मात्र परीक्षार्थींच्या जोडीला गृहिणी आहेत, निवृत्त मंडळी आहेत, चित्रकलेचे शिक्षकही आहेत आणि जवळजवळ सगळ्यांची अडचण एकाच वस्तूपाशी येऊन थांबली आहे. झेंडू जमतो, गुलाब जमतो, पितळेचा तांब्याही जमतो, पण काचेची फुलदाणी समोर आली की हात अडतो. म्हणून या अंकात दुसरे विषय बाजूला ठेवून तेवढ्याच शंका घेतल्या आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

शंका : सर, मी यंदा इंटरमिजिएटला बसणार आहे. फुलदाणीची बाह्यरेषा काढून झाली की मी आत फिकट निळा-करडा रंग भरते आणि शेवटी पांढऱ्या पोस्टर कलरने चमक देते. तरीही ती काचेची वाटत नाही, स्टीलची नाहीतर प्लॅस्टिकची वाटते. काचेसाठी नेमका कोणता रंग घ्यायचा?
– एक विद्यार्थिनी, तुळजापूर

समाधान : काचेसाठी वेगळा रंग घ्यायचाच नाही. बाह्यरेषेच्या आत तू निळा-करडा रंग भरलास त्याच क्षणी फुलदाणीच्या मागचे सगळे झाकले गेले. मागचे दिसेना, म्हणून ती काचही राहिली नाही. काच ओळखू येते ती दोन गोष्टींवरून : तिच्यातून काय दिसते आणि तिच्यावर काय चमकते. रंगवायच्या त्याच दोन गोष्टी.

तुझ्या मांडणीत मागे कोणता पडदा आहे ते पत्रात नाही. समजा तो जांभळट आहे. मग पडद्याचा वॉश देताना फुलदाणीच्या कडेपाशी थांबू नकोस. ब्रश तसाच आतून पुढे ने, फक्त चमकेच्या जागा कोऱ्या सोड. तो थर वाळला की डोळे बारीक करून बघ. काचेतून दिसणारा पडदा बाहेरच्या पडद्यापेक्षा किंचित गडद किंवा किंचित मळकट दिसेल. तेवढाच फरक दुसऱ्या पातळ थराने दाखव. टेबलाची मागची कडही काचेतून दिसते, पण सरळ जात नाही. फुलदाणीच्या आत ती वर-खाली सरकते, कधी वाकते. जिथे सरकलेली दिसते तिथेच काढ. ती एवढीशी तुटलेली रेघ जे काम करते ते पांढऱ्या रंगाच्या दहा ठिपक्यांनी होत नाही.

आता कडा. बहुतेक मुले फुलदाणीला सगळीकडून सारख्या जाडीची काळी रेघ ओढतात. खरी फुलदाणी नीट बघ. तिची कड एका जागी ठसठशीत गडद असते, चार बोटे खाली गेल्यावर फिकट होते आणि कुठेतरी पडद्यात चक्क विरून जाते. विरली तिथे विरू दे. कड गडद दिसणार की उजळ, हे प्रकाशावर ठरते. फुलदाणीच्या मागे उजेड असेल, म्हणजे ती खिडकीसमोर ठेवलेली असेल, तर कडा गडद दिसतात. मागे गडद कापड आणि उजेड बाजूने असेल तर कडा उजळतात. याचे कारण असे की कडेपाशी काच आपल्या नजरेला जवळजवळ समांतर होते. तिथून येणारे किरण खूप वळलेले असतात आणि समोरचे न दाखवता बाजूचे काहीतरी आणून दाखवतात. बाजूला अंधार असेल तर अंधार दिसतो, उजेड असेल तर उजेड. घरातला पाणी प्यायचा काचेचा ग्लास घेऊन आधी खिडकीसमोर धर, मग उघड्या कपाटाच्या अंधारासमोर धर. एका मिनिटात हे पटेल.

चमकेबद्दल सांगायचे तर ती म्हणजे खिडकीचे किंवा दिव्याचे छोटे प्रतिबिंब असते. म्हणून तिला आकार असतो. फुगीर फुलदाणीवर चौकोनी खिडकी वाकलेल्या चौकोनासारखी दिसते, कधी मधला गजही दिसतो. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी फुलांच्या चित्रांत काचेच्या पोटावर अशा खिडक्या अगदी गजांसह रंगवल्या आहेत. दोन, फार तर तीन चमका पुरतात. जागा आधी पेन्सिलीने अगदी हलक्या खुणावून कोऱ्या सोड. पांढरा पोस्टर कलर शेवटी एखाद्या टिंबापुरता वापरायला हरकत नाही, पण सोडलेल्या कागदाचे तेज त्याला नाही.

आणि सावली विसरू नकोस. तांब्याची सावली सलग गडद पडते. पाणी भरलेल्या काचेच्या भांड्याच्या सावलीत मात्र मधोमध उजेडाचा पट्टा असतो, कारण पाणी प्रकाश गोळा करून तिथे टाकते. तो पट्टा दाखवलास तर बघणाऱ्याला फुलदाणीकडे पाहण्याआधीच ती काचेची आहे हे कळेल.

शंका : फुलदाणीचे तोंड आणि बूड कधीच जुळत नाही. तोंड बरोबर काढले तर बूड सपाट दिसते.
– एक परीक्षार्थी, नळदुर्ग

समाधान : बूड सरळ रेघेने काढतोस, तिथे चूक होते. तुझी नजर फुलदाणीच्या वर आहे, म्हणून तोंडाचे वर्तुळ तुला चपटे, लंबवर्तुळाकार दिसते. नजरेपासून जसजसे खाली जावे तसतसे ते लंबवर्तुळ जास्त गोलसर होते. म्हणजे तोंड सर्वांत चपटे, पाण्याची पातळी त्याहून थोडी गोल आणि बूड सर्वांत गोल. काच असल्यामुळे तिन्हींच्या मागच्या कडाही दिसतात, त्या पूर्ण काढ. लंबवर्तुळाची टोके कधीही टोकदार होत नाहीत, ती वळतात. आधी मधून एक उभी अक्षरेषा घे आणि डावी-उजवी बाजू पेन्सिल धरून मोज.

शंका : मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. पाण्यातले देठ मुले सरळ, बाहेर जेवढे जाड तेवढेच काढतात. प्रत्यक्षात ते तुटल्यासारखे आणि जाड दिसतात. मुलांना दिसते तसे काढायला सांगितले तर ती म्हणतात, ‘सर, देठ तुटलेलं वाटेल, मार्क जातील.’ नेमके काय सांगावे?
– एक चित्रकला शिक्षक, कळंब

समाधान : सर, दिसते तसेच काढायला सांगा. वस्तू समोर ठेवून काढायच्या पेपरात निरीक्षणाची परीक्षा असते, आणि पाण्याच्या रेषेवर सरकलेला देठ हा मुलाने समोर बघून काढल्याचा उघड पुरावा आहे. मुलांना कारण समजले की त्यांची भीती जाते, म्हणून तेही थोडे सांगतो. विज्ञानाच्या शिक्षकांना सोबत घेतलेत तर एक तास छान रंगेल.

पाणी भरलेली, नळकांड्यासारखी सरळ गोल फुलदाणी आडव्या दिशेने भिंगाचे काम करते, उभ्या दिशेने करत नाही. म्हणून देठाची लांबी तेवढीच राहते, जाडी मात्र वाढते. किती वाढते हे देठ कुठे उभा आहे त्यावर ठरते. पुढच्या काचेला टेकलेला देठ जवळजवळ आहे तेवढाच दिसतो. मधोमध असलेला सुमारे एक तृतीयांशाने जाड होतो. मागच्या काचेला टेकलेला थोड्या लांबून पाहिला तर जवळपास दुप्पट दिसतो. म्हणजे सगळ्यांत मागचा देठ सगळ्यांत जाड! पुढची वस्तू मोठी आणि मागची लहान हा धडा मुलांनी पाठ केलेला असतो, त्यामुळे इथे ती हमखास गोंधळतात. हा गोंधळ डोळ्यांनीच सुटतो, फळ्यावर सुटत नाही.

फुलदाणीच्या मागचे चित्रही पालटते. फुलदाणी जेवढी रुंद आहे त्याच्या निम्म्याहून जास्त अंतरावर मागे काही ठेवले तर ते पाण्यातून डावे-उजवे उलटे दिसते. कागदावर मोठा बाण काढून पाण्याच्या ग्लासामागे धरा आणि हळूहळू मागे न्या. एका जागी बाण फिस्कटतो आणि मग उलट्या दिशेला वळतो. मांडणीत मागे अर्धा उजळ, अर्धा गडद पडदा असेल तर पाण्यात गडद बाजू उजळाच्या जागी येते. हे ठाऊक नसले की मूल समोर दिसत असूनही स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही आणि मनाने ‘दुरुस्त’ करून टाकते. चौकोनी, सपाट बाजूंच्या फुलदाणीत देठ जाड होत नाहीत, नुसते सरकतात. कोपऱ्यापाशी एकच देठ दोनदा दिसू शकतो.

एक विनंती आहे. वर्गात मांडणी करताना फुलदाणीत पाणी अर्ध्यापर्यंतच भरा. वर कोरडी काच, खाली पाणी असे दोन्ही एकाच भांड्यात आले की मुलांना फरक आपोआप दिसतो. आणि बोअरचे पाणी भरल्यावर काचेवर पांढरे डाग धरतात, ते चित्रात धुरकटपणा आणतात. मांडणीआधी लिंबाची फोड घासून धुतले की काच लखलखीत होते. पाण्याखाली येणारी पाने खुडून टाका. ती कुजून पाणी गढूळ करतात, आणि गढूळ पाण्यातून मुलांना यातले काहीच दिसणार नाही.

शंका : दसऱ्याला दारात खूप झेंडू होता म्हणून काचेच्या बरणीत ठेवून चित्र काढायला घेतले. फुलांचा उजेडाकडचा भाग छान आला, पण सावलीचा भाग शेवाळल्यासारखा हिरवट झाला. मी पिवळ्यात थोडा काळा मिसळला होता. एकेक पाकळी काढताना फूलही विस्कटले.
– एक गृहिणी, उमरगा

समाधान : ताई, दोष त्या काळ्याचा आहे. पिवळ्यात, त्यातही लेमन यलोत, काळा मिसळला की हिरवट रंगच तयार होतो. पिवळ्याची सावली लाल-तपकिरीकडे न्यायची असते. उजेडात लेमन यलो, त्याखाली गॅम्बोज, सावलीकडे वळताना त्यात थोडा बर्न्ट सिएना आणि अगदी आतल्या, दोन फुलांच्या फटीत क्रिमसनचा अंश. सर्वांत खोल जागी एक थेंब जांभळा चालेल, कारण जांभळा हा पिवळ्याचा विरोधी रंग, तो पिवळ्याला मळकट न करता शांत करतो. केशरी झेंडू असेल तर हीच चढण व्हर्मिलियनपासून सुरू करा आणि खोल जागी क्रिमसनमध्ये किंचित अल्ट्रामरीन घाला. काळी ट्यूब काही महिने डब्यातून काढूनच ठेवा, असे मी सगळ्यांनाच सांगतो.

आता पाकळ्या. झेंडूला शेकडो पाकळ्या, आणि त्या सगळ्या काढायच्या ठरवल्या की फूल हरवते. आधी फूल गोळा म्हणून रंगवा : एक उजळ बाजू, एक मधली, एक सावलीची. गोळा गोल दिसू लागला की मगच पाकळ्यांच्या कडा घ्या, त्याही उजेड आणि सावली जिथे भेटतात त्या पट्ट्यात. भर उजेडात पाकळ्या जवळजवळ दिसत नाहीत, गडद सावलीतही दिसत नाहीत. दिसतात त्या मधे. बाह्यरेषा मात्र कुरतडलेली ठेवा, कारण झेंडू लांबून ओळखू येतो तो त्याच्या त्या दातेरी कडेवरून.

आणखी एक. सगळी फुले तोंड आपल्याकडे करून बसवू नका. एक पाठमोरे ठेवा, एक कलते. झेंडूचा देठाकडचा हिरवा पेला फार देखणा असतो, पण बहुतेक चित्रांत तो येतच नाही. तुमची बरणी लोणच्याची असावी असा अंदाज आहे. तीच ठेवा. जाड काचेची, जराशी हिरवट झाक असलेली बरणी पिवळ्या फुलांखाली विकतच्या कट-ग्लासपेक्षा शोभून दिसते.

शंका : निशिगंधाची फुले पांढरी, कागद पांढरा. फुले दिसणार कशी? बाह्यरेषा गडद केली तर ती कापून चिकटवल्यासारखी वाटतात.
– एक वाचक, परंडा

समाधान : फुलांना हात न लावता त्यांच्या मागची जागा गडद करा. जलरंगात उजेड मिळतो तो शेजारच्या गडदपणामुळे. याचे मराठी रसिकांच्या ओळखीचे उदाहरण म्हणजे सा. ल. हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’. सावंतवाडीला १८८२ मध्ये जन्मलेल्या या चित्रकाराचे हे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. अनेक जण ते राजा रविवर्म्याचे समजतात, तो गैरसमज आहे. हातात दिवा धरून, दुसऱ्या तळव्याने ज्योत झाकणारी स्त्री त्यात आहे. बोटांच्या फटींतून येणारा प्रकाश तुम्हाला लख्ख दिसतो, कारण त्याच्या भोवतीचा अंधार हळदणकरांनी पायरीपायरीने उतरवत नेला आहे. कागदाहून जास्त उजळ असे तिथे काहीही नाही.

निशिगंधाला तुम्ही हेच लावून पाहा. मागे गर्द हिरवा किंवा निळसर पडदा घ्या, फुले कोरी सोडा, पडदा वाळल्यावर फुलांच्या सावलीकडच्या पाकळ्यांवर पाण्यासारखा पातळ अल्ट्रामरीन आणि त्यात कणभर बर्न्ट सिएना टाका. कळ्यांच्या टोकाला किंचित गुलाबी आणि देठाशी हिरवट झाक असते, ती आली की फूल ‘पांढरा कागद’ राहत नाही. उजेडाकडची एखादी कड फिक्या पडद्यात विरू दिलीत तर कापून चिकटवल्याचा भास जाईल.

ज्यांना सोडून देण्याचे हे तंत्र अवघड वाटते त्यांनी गडद कागदावर काम करून बघावे. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले, मोहोळ तालुक्यातल्या शिरापूरचे शशिकांत धोत्रे काळ्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी चित्रे काढतात. काळ्या कागदावर तुम्हाला फक्त उजेड ठेवायचा असतो. काचेची फुलदाणी अशा कागदावर थोड्या रेषांत उभी राहते.

शंका : एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे वॉश पसरेपर्यंत अर्धा वाळतो, कडांना डाग पडतात. फुले दुपारपर्यंत माना टाकतात. चित्र पुरे कसे करायचे?
– एक हौशी चित्रकार, भूम

समाधान : मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जलरंग करणाऱ्या प्रत्येकाची ही तक्रार आहे. पहाटे लवकर बसा आणि पंखा बंद ठेवा, डाग निम्मे कमी होतील. पातळ कागद टाळा. तीनशे ग्रॅमचा कागद ओल धरून ठेवतो. तो दोन्ही बाजूंनी ओला करून फळीवर पसरला तर वॉशला बराच वेळ मिळतो. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागदही पुष्कळ चित्रकार वापरतात. ही संस्था १९४० सालची. मात्र हातकागद घेताना त्याला सायझिंग आहे ना हे एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. थेंब लगेच शोषला गेला तर रंगही शोषला जाईल. रंगाच्या पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाकले की वाळणे मंदावते. जास्त टाकू नका, पावसाळ्यात असे चित्र चिकट राहते.

फुलांचे म्हणाल तर ती आदल्या संध्याकाळी तोडा, देठ पाण्यातच तिरके कापा आणि रात्रभर गळ्यापर्यंत पाण्यात ठेवा. बसल्यावर आधी फुले रंगवा, काच नंतर. काच दुपारपर्यंत हलत नाही. तरीही एका बैठकीत सगळे झाले पाहिजे असा हट्ट धरू नका. अठराव्या शतकातला डच चित्रकार यान व्हान हायसम फुले प्रत्यक्ष पाहून रंगवायचा, आणि हवे ते फूल त्या मोसमात नसेल तर पुढच्या मोसमापर्यंत चित्र थांबवायचा. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या त्याच्या एका पुष्पचित्रावर १७३६ आणि १७३७ अशी दोन साले त्याने स्वतः लिहिली आहेत. रोज एक फूल आणून एकेक अभ्यासचित्र करत गेलात तर पावसाळ्यात त्यांचा गुच्छ मांडता येईल.

शंका : निवृत्तीनंतर काढलेले गुलाबांचे एक चित्र मी बैठकीत लावले होते. चार वर्षांत गुलाब जवळजवळ पांढरे झाले. पाने आणि फुलदाणी मात्र जशीच्या तशी आहेत. रंग नकली होता का?
– एक ज्येष्ठ वाचक, धाराशिव

समाधान : नकली असेलच असे नाही. गुलाबी रंगांचा हा जुना दोष आहे. व्हिन्सेंट व्हान गॉगने १८९० च्या मे महिन्यात, मृत्यूपूर्वी काही आठवडे, गुलाबांची मोठी चित्रे काढली. आज ते गुलाब पांढरे दिसतात. मुळात ते गुलाबी होते. त्या काळी नव्याने आलेला लाल रंग प्रकाशाने उडून गेला आणि उरले ते फिके. क्रिमसन, रोज, भडक गुलाबी या नावांच्या पुष्कळ रंगद्रव्यांची आजही तीच गत आहे. बर्न्ट सिएना, यलो ऑकर यांसारखे मातीचे रंग आणि अल्ट्रामरीन टिकतात. म्हणूनच तुमची फुलदाणी टिकली असावी.

विकत घेताना ट्यूबवरच्या टिकाऊपणाच्या खुणा बघा. शिवाय घरी परीक्षाही करता येते. कागदाच्या पट्टीवर आपल्याकडचा प्रत्येक रंग ओढा, अर्ध्या पट्टीवर जाड पुठ्ठा बांधा आणि दक्षिणेच्या खिडकीत दोन-तीन महिने ठेवा. आपल्या उन्हापुढे जो रंग टिकला तो बैठकीत टिकेल. पुढचे चित्र काचेच्या चौकटीत, माउंट घालून, खिडकीतून थेट ऊन येणार नाही अशा भिंतीवर लावा. उडालेल्या गुलाबांवर नवा रंग चढवू नका असे माझे मत आहे. त्या हाताचे ते चित्र आहे तसे ठेवा आणि नवे काढा.

शंका : ॲक्रिलिकमध्ये काच करताना आधी फुलदाणी की आधी पार्श्वभूमी?
– एक वाचक, वाशी

समाधान : आधी पार्श्वभूमी, पूर्ण. ती वाळल्यावर तिच्यावरच पातळ केलेल्या रंगाने काचेची झाक, मग देठ, मग गडद कडा, सर्वांत शेवटी चमक. जलरंगात चमक पहिल्यांदा सोडायची, ॲक्रिलिकमध्ये शेवटी ठेवायची, एवढाच मोठा फरक.

शंका : मोबाइलवर काचेच्या फुलदाण्यांचे सुंदर फोटो मिळतात. त्यांवरून सराव केला तर चालेल का? ताजी फुले दररोज कुठून आणायची?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, लोहारा

समाधान : फोटोवरून हात वळेल, डोळा वळणार नाही. फोटोत कॅमेऱ्याने उजेड आधीच ठरवून टाकलेला असतो. चमका पांढऱ्याफटक, सावल्या काळ्याकुट्ट, आणि काचेच्या कडेचे हिरवट-करडे बारकावे गायब. शिवाय कॅमेऱ्याला एक डोळा आहे, तुला दोन. काचेच्या आत काय पुढे आहे आणि काय मागे, हे दोन डोळ्यांनी आणि मान हलवून कळते. देठ फुलदाणीत कसा सरकतो ते फोटोत मान हलवून दिसत नाही.

फुलांसाठी बाजारात जायला नको. कण्हेर, तगर, जास्वंद, सदाफुली यांपैकी काहीतरी प्रत्येक वस्तीत आहे. फाल्गुनात पळस, उन्हाळ्यात बहावा आहे. एक फूल, एक ग्लास पाणी, एक खिडकी एवढ्यावर वर्षभराचा अभ्यास होतो. फ्रेंच चित्रकार एदुआर माने १८८२-८३ मध्ये, शेवटच्या आजारपणात, मोठी चित्रे करण्याइतका सशक्त राहिला नव्हता. भेटायला येणारे आणत ती फुले काचेच्या भांड्यांत ठेवून तो छोट्या कॅनव्हासवर रंगवत राहिला. कधी दोन-चार गुलाब, कधी थोडे लायलॅक, बस्स. पाण्यातले देठ त्याने जितक्या थोड्या फटकाऱ्यांत दाखवले आहेत तितक्या थोड्यांत दाखवणारा दुसरा मला माहीत नाही. मोबाइल वापरायचाच असेल तर त्याच्यावर ही चित्रे मोठी करून बघ. नक्कल करू नकोस, फटकारे मोज.

शंका : काचेची फुलदाणी हा आपल्या घरांतला प्रकारच नाही. आपल्याकडे फूल देवाला, वेणीत किंवा तोरणात. मग मुलांना हे परके विषय का काढायला लावायचे?
– एक पालक, तेर

समाधान : हे पत्र तेरहून आले याचा मला आनंद झाला, कारण या शंकेचे उत्तर तुमच्याच गावात आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठणच्या जोडीने तगरचे नाव येते, तिथून भडोचला कापड जाई असे तो सांगतो. तेरला बा. ना. चापेकर यांनी १९५८ मध्ये उत्खनन केले. त्या पांढरीच्या टेकाडांतून मृण्मूर्ती, हस्तिदंती बाहुली, शंखाच्या वस्तू मिळाल्या, तसे काचेचे मणीही मिळाले. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात हा ठेवा आहे. मुलांना तिथे घेऊन जा. भारतीय काचेचा इतिहास लिहिणारे मोरेश्वर दीक्षित हेही मराठीच. त्यांचा ग्रंथ १९६९ मध्ये मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला.

अलीकडचे सांगायचे तर लोकांनी पैसा पैसा देऊन उभारलेल्या पैसाफंडातून तळेगाव दाभाडे इथे १९०८ मध्ये काच कारखाना निघाला आणि १९१६ मध्ये ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला. त्यांच्या प्रभाकर कंदिलाची काच आपल्या आजी-आजोबांनी रोज संध्याकाळी राखेने पुसली आहे. काच आपल्या घरात नवी नाही.

फुलदाणीचे चित्रही नवे नाही. नळदुर्ग ज्या आदिलशाहीचा किल्ला होता, तिची राजधानी विजापूर. तिथल्या असर महालाच्या वरच्या दालनांत भिंतींवर फुलांनी भरलेल्या फुलदाण्या रंगवलेल्या आहेत. आपल्या भागापासून ते अंतर फार नाही. कलाशिक्षकांनी सहल नेण्याजोगी ही जागा आहे.

तरीही तुमच्या म्हणण्यातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे. परदेशी ट्युलिप आणि शोभेची क्रिस्टल फुलदाणी यांची छापील चित्रे उतरवून काढण्यात मुलाचा काही लाभ नाही. त्याने ती कधी हातात घेतलेली नसतात. तेर हे गोरोबाकाकांचे गाव आहे, तिथल्या मुलाने मातीच्या गाडग्यात झेंडू ठेवून चित्र काढले तर ते उत्तमच. पण त्याच झेंडूचा दुसरा तुरा शेजारी काचेच्या ग्लासात ठेवावा. मातीचे भांडे उजेड पिऊन टाकते, काच तो आरपार जाऊ देते. दोन्ही शेजारी ठेवून रंगवणाऱ्या मुलाला उजेड म्हणजे काय ते कळू लागते, आणि स्थिरचित्र शिकायचे ते यासाठीच.

पुढच्या अंकात धातूची भांडी, पितळ आणि तांबे हा विषय घेणार आहे. शंका पाठवताना चित्राच्या फोटोसोबत मूळ मांडणीचाही एक फोटो, तुम्ही बसला होता त्याच जागेवरून आणि दिवसाच्या उजेडात काढलेला, जरूर पाठवा. मांडणी दिसल्याशिवाय चित्रात काय चुकले ते नेमके सांगता येत नाही.